मेढेकरांचं आठवं गाणं

सदानंद मेढेकर नाशिकला लेकीकडे कायमचे राहायला गेले तेव्हा आमच्या वाचनालयाने त्यांना निरोप दिला नाही. कार्यकारिणीच्या सभेत विषय निघाला होता. पण सत्कार करायचा तर कशाबद्दल, हे कोणाला सांगता येईना, आणि ज्या गोष्टीचं कारण भाषणात सांगता येत नाही ती गोष्ट आमच्या अध्यक्षांना झालेली आवडत नाही. मीही काही बोलले नाही. खरं सांगायचं तर ते गेल्यावर पहिला आठवडाभर मला सुटल्यासारखंच वाटलं.

मी डोंबिवली पूर्वेला एका वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसते. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, शेवटच्या पानावर डकवलेल्या कागदावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा. त्या कागदावर तारखेशिवाय काही असू नये असा नियम आहे, आणि नियम पाळण्यात मला आनंद होतो हे मी लपवत नाही. मेढेकर नेमके त्याच कागदावर गाणी लिहायचे. पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, एकाखाली एक, एक ते आठ. प्रत्येक आवडलेल्या कादंबरीला आठ गाणी जोडायची, कोणत्या प्रकरणाला कोणतं ते नेमून द्यायचं, आणि मग पुस्तक परत करायचं. अशी किती पुस्तकं त्यांनी बाटवली देव जाणे. माझ्या खणात एक खोडरबर होतं ते केवळ त्यांच्यासाठी.

त्यांची सगळ्यात लाडकी जी कादंबरी, तिची आठवी जागा मात्र रिकामी झाली होती, आणि कान पूर्ण जायच्या आत त्यांना ती भरायची होती. गोष्ट म्हटली तर एवढीच. बाकी सगळा मेढेकरांचा स्वभाव, आणि त्यात थोडा माझा.

हे लिखाण कोणाचं ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एक नवी सभासद पुस्तक परत करताना कौतुकाने म्हणाली, "मॅडम, मागे गाणी लिहिता ती आयडिया मस्त आहे हं." मला माझ्याच खिडकीत बसून चोर ठरवल्यासारखं झालं. मी आठ दिवस पाळत ठेवली. मंगळवारी साडेचारला मेढेकर आले, वाचनकक्षातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, खिशातून बोटभर पेन्सिल काढली आणि मागचं पान उघडलं. मी जाऊन समोर उभी राहिले.

"ही गाणी तुम्ही लिहिता?"

"गाणी कवी लिहितात. मी जोडतो."

"मेढेकर, वाचनालयाचं पुस्तक आहे हे."

"म्हणून पेन्सिल. पेन काय माझ्याकडे नाही?"

मी सांगितलं की मी हे सगळं खोडणार आहे. त्यावर ते जरासुद्धा रागावले नाहीत. "खोडा," म्हणाले. "तुम्ही खोडा, मी परत लिहीन. तेवढंच माझं पाठांतर." आणि खरोखर पुढची सहा-सात वर्षं आम्ही दोघांनी हेच केलं. एवढ्या वेळात मी एखादी परीक्षा दिली असती तर आज ग्रंथपाल झाले असते.

माणूस दिसायला अगदीच सामान्य. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, कॉलरपर्यंत बटणं लावलेली, खिशात ती पेन्सिल. औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, ती नाशिकला. गाणी ऐकायची ती फक्त कॅसेटवर. टेपरेकॉर्डर बिघडला की तो पिशवीत घालून विठ्ठलवाडीला न्यायचे, तिथे त्यांचा एक दुरुस्तीवाला होता. मोबाइलवर पाहिजे ते गाणं पाहिजे तेव्हा वाजतं याचा त्यांना तिटकारा होता. कॅसेटीत गाणं शोधावं लागतं, पेन्सिल घालून फीत फिरवत त्याच्यापर्यंत जावं लागतं, तेवढा वेळ माणूस त्या गाण्याच्या लायक होत असतो, असं त्यांचं म्हणणं. हे मला त्यांनी तीनदा ऐकवलं. तिन्ही वेळा खिडकीसमोर रांग होती.

त्यांच्या जोडणीचे नियम होते, आणि ते आमच्या वाचनालयाच्या नियमांपेक्षा कडक होते. गाणी आठच. नववं गाणं म्हणजे हौस. पुस्तकात ज्या गाण्याचा उल्लेख आहे ते घ्यायचं नाही, कारण ते लेखकाने आधीच वाजवलेलं आहे. प्रकरणाचा जो विषय तोच गाण्याचा असता कामा नये. आणि गाणं सबंध ऐकून, मग प्रकरण सबंध वाचून, मग गाणं पुन्हा ऐकून निकाल द्यायचा. निकाल दोनच. एक "बसलं" आणि दुसरा "बसत नाही". पहिला मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला. दुसरा ते जगातल्या कुठल्याही वस्तूला देत. वाचनालयाची नवी पाटी लागली, ती बसत नाही. अध्यक्षांचं पंधरा ऑगस्टचं भाषण, बसत नाही. मुलीला सांगून आलेली चांगली स्थळंसुद्धा या माणसाने अशीच घालवली असणार. मी नवा चष्मा केला तेव्हा त्यांनी पुस्तक खिडकीतून आत सरकवत माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "शुभदाबाई, नाकावर बसलाय. चेहऱ्यावर बसत नाही."

गाणं ऐकताना "वा" म्हणणाऱ्या लोकांचा त्यांना विशेष राग. "वा म्हणणारा माणूस ऐकत नसतो," ते म्हणायचे. "ऐकत असेल तर त्याला तोंड उघडायला फुरसत कुठे?" गावातल्या संगीत मंडळाच्या बैठकीतून ते एकदा उठून आले होते, शेजारचा गृहस्थ समेआधीच वा म्हणाला म्हणून.

वर्तकनगरच्या एका वाचनगटाने त्यांना एकदा पाहुणे म्हणून बोलावलं. आमच्या अध्यक्षांनी त्यांची ख्याती ठाण्यापर्यंत पोचवली होती, कारण घरचं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायला त्यांना आवडतं. सोबत मला पाठवलं. कोणा एकीच्या प्रशस्त दिवाणखान्यात दहा-बारा बायका जमल्या होत्या. प्रत्येकीने आपल्या आवडत्या कादंबरीसाठी मोबाइलवर गाण्यांची यादी केली होती. पहिल्या बाईंनी आईच्या मृत्यूवरची कादंबरी घेतली होती आणि तिला अकरा गाणी लावली होती. अकराच्या अकरा आईवरची. चौथं गाणं सुरू झालं आणि मेढेकरांनी हात वर केला.

"बंद करा."

बाईंनी घाबरून फोन बंद केला.

"आईच्या पुस्तकाला आईची गाणी? तुम्ही भाताला भात लावून जेवता का?"

त्या बाईंचे डोळे भरून आले. मेढेकरांनी समोरच्या बशीतला साबुदाणा वडा उचलला, तो संपवून दुसरा उचलला, आणि खाता खाता उरलेल्या बायकांच्या याद्यांवर एकेक करून "बसत नाही" असा शेरा मारला. परतताना बसमध्ये मला विचारतात, "मी काही चुकीचं बोललो का?"

"चुकीचं नाही. पण मग वडे तरी खायला नको होते."

"वडे चांगले होते," ते म्हणाले.

मला हा माणूस आवडत नव्हता. पुस्तक हे डोळ्यांनी वाचायचं असतं, त्याच्या मागे तबलापेटी लावून त्याची नाटक कंपनी करायची नसते, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही बरंचसं तेच आहे. तरी मी एक खोटेपणा करत असे तो सांगून टाकते. त्यांची यादी खोडण्याआधी मी ती वाचायची. कधीकधी घरी जाऊन ते गाणं मोबाइलवर लावायची आणि ते प्रकरण पुन्हा उघडायची. बहुतेक वेळा बसायचं. त्याचा मला जास्तच राग यायचा.

मग एका मंगळवारी त्यांनी परत केलेल्या पुस्तकात खुणेसाठी घातलेला कागद राहिला. घडी उलगडली तर कानाच्या डॉक्टरांचा रिपोर्ट. वर त्यांचं नाव, खाली तक्ता, आणि तक्त्यातून खाली उतरत गेलेल्या दोन रेघा, एक जरा जास्तच. गेले सहा महिने मी हाक मारली की हा माणूस वळून बघत नव्हता, आणि मी तो माज समजत होते. पुढच्या खेपेला मी कागद त्यांच्या हातात दिला.

"कॉम्प्रेसरच्या खोलीत एकतीस वर्षं काढली," ते म्हणाले. "लोक म्हणतात डोंबिवलीच्या कारखान्यांनी नाकं घालवली. माझं नाक शाबूत आहे. डावा कान गेलाय. उजवाही फार दिवस पुरणार नाही म्हणतात."

"मशीन मिळतं ना."

"घेतलंय. त्याने आवाज येतो. सूर येत नाही."

मग त्यांनी, मी न विचारता, या जोडणीचं खरं कारण सांगितलं. नुसतं गाणं डोक्यात राहत नाही, निसटतं. ते एखाद्या पानाला बांधून ठेवलं की पान उघडलं की वाजतं. कान गेल्यावर त्यांना कादंबऱ्या वाचायच्या होत्या आणि आत बांधून ठेवलेलं सगळं ऐकायचं होतं. हे ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. मी खण उघडला, खोडरबर पाहिलं आणि खण बंद केला. आजवर मी काय काय खोडलं याचा हिशेब करायचं धैर्य झालं नाही.

त्यांच्या लाडक्या कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर लोक लगेच मोबाइल काढून तिची गाणी शोधायला लागतील. जुनी, निळ्या पुठ्ठ्याची, पुन्हा न छापलेली, आणि आमच्याकडे एकच प्रत. खाडीकाठच्या गावात बदली होऊन आलेल्या एका शाळामास्तरांनी लिहिलेली. तिच्यात मिठागरावर राबणाऱ्या बाईची एकुलती एक मुलगी शेवटी लग्न होऊन जाते, आणि त्या सबंध लग्नात आई एक शब्दही बोलत नाही. या न बोलण्यावर मेढेकर चाळीस वर्षं फिदा होते. मराठीत एवढं मोठं मौन दुसरं नाही, असं ते म्हणायचे. त्या मौनाला, म्हणजे आठव्या जागेला, त्यांनी एक अतिशय सभ्य भावगीत दिलं होतं, संथ, उदास, शहरी गळ्याचं.

त्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात त्यांनी ही कादंबरी आणि तिची आठ गाणी सादर केली. टेपरेकॉर्डर टेबलावर, सतरा-अठरा माणसं समोर, अध्यक्ष पहिल्या रांगेत झोपेत. सात गाणी झाली. आठव्याबद्दल ते बोलायला लागले, आईच्या मौनाबद्दल, आणि मागच्या रांगेतून भारती म्हात्रे उठून उभी राहिली.

भारती आमची पंधरा वर्षांची सभासद. खाडीकडच्या गावातली, बाजारात मच्छी विकते, सातवीपर्यंत शिकलेली, आणि आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवते. पुस्तकाला कधी डाग नाही, वास नाही. तेवढी काळजी अध्यक्ष घेत नाहीत.

"सर, ते गानं तिथं नाय चालाचं," ती म्हणाली. "लग्नात धवला असते, लग्नाचं गानं. धवलारीन म्हनते तो. आई गप नाय हो. आईच्या वाटचं धवलारीन बोलते, म्हनून आई बोलत नाय. लिवनाऱ्याला ते ठाव नसंल."

तिचं बोलणं तिथेच थांबवायला मेढेकरांना एक वाक्य पुरलं. "बाई, ही कादंबरी आहे. तुमच्या हळदीतला डीजे नाही."

सभागृह हसलं. अध्यक्षसुद्धा जागे होऊन हसले. आणि मीही हसले, हे मला लिहायलाच हवं. भारतीने कोणाकडे पाहिलं नाही. पिशवी उचलली, जाताना माझ्या टेबलावर तिच्याकडची दोन पुस्तकं ठेवली, आणि गेली. दुसरी पुस्तकं तिने नेली नाहीत. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मेढेकर आले. निळं पुस्तक माझ्यापुढे उघडलं. आठव्या गाण्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने रबर फिरवलं होतं, कागद खरवडेपर्यंत.

"बसत नाही," ते म्हणाले. "ती बाई बरोबर आहे. रात्रीतून दोनदा वाचलं. चाळीस वर्षं मी त्या आईच्या गप्प बसण्याचं कौतुक करतोय, आणि ती गप्प नव्हतीच. मास्तरांना ऐकूच आलं नाही. एका बहिऱ्याने लिहिलं आणि दुसऱ्या बहिऱ्याने वाहवा केली."

मी म्हटलं, मोबाइलवर मिळेल धवला, शोधते. शोधला. मिळालेही दोन-तीन, पण त्यांच्याखाली पेटी, ढोलकी आणि कसले कसले खटके भरलेले. मेढेकरांनी फोन उजव्या कानाला चिकटवून अर्धा मिनिट ऐकलं आणि मला परत दिला. शेरासुद्धा मारला नाही. मग म्हणाले, "भारती म्हात्रे कुठे बसतात बाजारात? तुम्ही चला. तिथल्या गोंगाटात मला काही कळायचं नाही."

मेढेकरांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी मासळीला हात लावलेला नव्हता. बाजाराच्या तोंडाशीच त्यांनी रुमाल नाकावर धरला. मी म्हटलं, नाक शाबूत असल्याचा आज तोटा आहे. ते त्यांना ऐकू गेलं नाही. भारती तिच्या जागेवर पाट्यांमागे बसली होती, कोयत्याने मासे कापत. आम्हाला पाहून तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मेढेकर तिच्यासमोर उभे राहिले आणि रुमालातूनच मोठ्याने म्हणाले, "धवला."

शेजारच्या म्हातारीने तत्परतेने तिच्या पाटीतला एक मोठा काळा मासा शेपटीला धरून त्यांच्या तोंडासमोर धरला. "हलवा हा बगा ना, ताजा हाय."

"हलवा नको. धवला."

"अवो हलवाच हाय ह्यो."

भारतीला हसू आलं, पण ते तिने गिळलं. ती म्हणाली, "त्या दिशी डीजे बोललेलात मना."

मेढेकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. मला त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, भर बाजारात, त्यांचंच वाक्य त्यांना परत ऐकवावं लागलं. बोलताना मला माझं त्या दिवशीचं हसणं आठवत होतं. मेढेकरांनी रुमाल खाली घेतला.

"ते गाणं मी खोडलं," ते म्हणाले.

"माफी मागाची ती अशी मागतान तुमच्यात?"

हेही मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "माझ्यात अशीच मागतात. दुसरी मला येत नाही. तुम्ही शिकवा."

भारतीने कोयता खाली ठेवला. तिची आत्या धवलारीण आहे, ती म्हणाली, आता दोघीतिघीच उरल्यात गावात. पण आत्या लग्नाशिवाय धवला म्हणत नाही. कोणी हौसेने म्हण म्हटलं तर उठून जाते. "तुलशीचं लगीन होऊन जाऊ दे. मग माज्या पुतनीचं लगीन हाय मार्गशीर्षात. या तवा. मॅडम, तुमी पन या."

मेढेकरांनी बोटांवर महिने मोजले. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. मोजून झाल्यावर ते नुसते "बरं" म्हणाले. भारती मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पुस्तकं न्यायला यायला लागली.

ते चार महिने मी खिडकीतून पाहिले. गणपतीत मेढेकर अजून माझं बोलणं ऐकून उत्तर देत होते. नवरात्रात ते माझ्या ओठांकडे पाहायला लागले. दिवाळीनंतर मी बोलायचं सोडून चिठ्ठीवर लिहायला लागले. विठ्ठलवाडीच्या दुरुस्तीवाल्याला त्यांनी टेपरेकॉर्डर देऊन टाकला, ऐकणारं आता कोणी नाही म्हणाले. मी एकदा चिठ्ठीवर लिहिलं की आत्याबाईंना विनंती करू, एकदा आधी म्हणतील. त्यांनी चिठ्ठी वाचून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आईच्या पुस्तकाला आईची अकरा गाणी लावली होती. "नियम आहे त्यांचा," ते म्हणाले. "तुम्हाला तरी कळायला हवं."

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी आम्ही रिक्षाने खाडीकडच्या गावात गेलो. अंगणात मांडव, एका कडेला डीजेचे काळे खोके ताडपत्रीखाली झाकलेले, मेढेकरांनी त्यांच्याकडे तुच्छतेने पाहून घेतलंच. भारतीने त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं, नवरीपासून चार हातांवर. त्यांनी निळं पुस्तक मांडीवर उघडलं, लग्नाचं पान काढलं. कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, आणि उजव्या कानामागे हात धरला.

आत्याबाई आल्या. सत्तरीच्या पुढची, बारीक, वाकलेली बाई. कोणाकडे न बघता नवरीजवळ बसल्या आणि म्हणायला लागल्या. आवाज मोठा नव्हता. चाल अशी काही नव्हतीच, एकच ओळ जरा जरा बदलत फिरत होती, आणि प्रत्येक फेरीला नवरीची आई थोडी थोडी खाली बघत गेली. ती एक शब्द बोलली नाही. मी मेढेकरांच्या मांडीवरचं पान वाचलं. आई काही बोलत नाही, हे तिथे छापलेलं होतं, आणि समोर ते सगळं बोललं जात होतं. मी पस्तीस वर्षं पुस्तकं वाचतेय, असं बसलेलं काही मी पाहिलेलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मग मी मेढेकरांकडे पाहिलं. त्यांचं एक बोट पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठेका धरून होतं. तो ठेका कुठलाही नव्हता. ते आत्याबाईंच्या ओठांकडे टक लावून बघत होते आणि बोट आपलं पडत होतं. आत्याबाईंनी पदर सावरायला मान वळवली आणि धवला थांबला. बोट त्यानंतरही चार-पाच वेळा पडलं.

भारती लगबगीने त्यांच्याजवळ आली. तिला चारचौघांत काही विचारायचं नव्हतं, फक्त चेहऱ्यावर प्रश्न होता. सगळ्या बायका या पांढऱ्या शर्टातल्या पाहुण्याकडे बघत होत्या.

"वा," मेढेकर म्हणाले.

भारतीचा चेहरा उजळला. ती आत्याला सांगायला गेली. मी मांडवाच्या खांबाकडे बघत राहिले.

पुढच्या मंगळवारी साडेचारला ते निळं पुस्तक परत करायला आले. महिन्याअखेर नाशिकला जायचं ठरल्याचं त्यांनीच सांगितलं. चिठ्ठीचा कागद हाताशी होता, पण मला ते लिहून विचारवेना. मी तोंडाने, सावकाश विचारलं, "बसला का, मेढेकर?"

"नाही, चालत आलो," ते म्हणाले. "बस कुठे मिळते या वेळेला."

आणि कॉलरचं बटण चाचपत, कठड्याला धरून जिना उतरून गेले. पेन्सिल खिशात नव्हती, हे मला ते वळणावर गेल्यावर लक्षात आलं. ती पुस्तकात होती, शेवटच्या पानात. तिथे सात गाणी जशीच्या तशी होती. आठव्या जागी, मला इतक्या वर्षांत खोडून खोडून पाठ झालेल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलं होतं: "८. मला ऐकू आलं नाही. भारतीताईंना विचारावं."

मी शिक्का उचलला, आणि आठव्या ओळीला लागणार नाही अशा बेताने खाली परतीची तारीख मारली.